तालमीतला गोरा माणूस

अलाबामा, १९६३

लेमुएलदादा,

हे पत्र मी टाकणार नाही.

चर्चच्या तळघरात आपली सत्याग्रहाची तालीम व्हायची, तेव्हा गोरा माणूस तू व्हायचास. माझ्या तोंडावर खरंखुरं थुंकायचास आणि म्हणायचास, “ओडेसा, हात उचलायचा नाही.”

काल आपल्या काळ्यांना मज्जाव असलेल्या गोऱ्यांच्या हॉटेलात जेवण मागत बसले, तर एक गोरा पोरगा तोंडावर थुंकला. मी हात उचलला नाही. पाद्रीबाबा म्हणाले, “शाब्बास, जिंकलीस.” थुंकी गालावरच होती. शिसारी आली.

घरी शिकागोहून तुझं पत्र आलेलं. “थुंकी झेलणारे सगळे किडे. बंदूक उचला.”

तुझंच खरं असेल म्हणून आपल्या बाबांची बंदूक काढून हातात धरली. डोळ्यांपुढे थुंकणारा उभा राहिला. तो पोरगा नव्हता, दादा. तू होतास.

तूच शिकवलेली,
ओडेसा