रिकाम्या देवळीतली पुस्तकं

माय, काल पुसदच्या एका शाळेत मुलांपुढे बोलायला गेले होते. मी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी कादंबऱ्या लिहिते, हे तुला ठाऊक नाही. पहिली छापून आली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका मुलीनं विचारलं, ‘तुमच्या गोष्टीतल्या पोरी सैपाकघरातच काहून भेतात, आन् तिथंच धीट काहून होतात?’ मी ऐटीत सांगितलं, की त्या वयात मनाला वेगळी खोली नसते. ज्या भिंतींत राहावं, त्यांचीच भीती आणि त्यांचाच ताठा अंगात भिनतो. टाळ्या पडल्या. तुझ्या चुलीजवळच्या, भिंतीतल्या देवळीची गोष्ट मात्र मी सांगितली नाही.

आपण बौद्ध झालो तेव्हा देवळीतले देव तू स्वतः नाल्यात सोडलेस आणि त्या मोकळ्या जागेत माझी पुस्तकं लावलीस. बोरी गावातल्या आपल्या वस्तीत पुस्तकांना असा मान कुणी दिला नव्हता. पण सातवीची परीक्षा तोंडावर आली आणि मी देवळीकडे पाहायचं टाळायला लागले. देव रागावले असतील तर? त्या देवांतला एक टाक, तांब्याच्या पत्र्यावर उठवलेला देव, तू देव सोडलेस तेव्हाच मी मुठीत लपवला होता, तो पुस्तकांमागे ठेवून दिला. तू शेणामातीनं भिंत पोतारायला पुस्तकं उतरवलीस आणि टाक खाली पडला. मी मान खाली घालून उभी.

‘भेव वाटते काय व तुले?’

‘हो.’

‘मंग मले सांगाचं. देवळीत कायले लपवाचं? जा, तुह्या हातानं नाल्यात टाकून ये.’

तू हात उगारला नाहीस. पुस्तकं पुसून पुन्हा लावलीस. मी पास झाले, तेव्हा शेणाचे हातही न धुता घरोघर सांगत फिरलीस, ‘माह्या पोरीनं कोन्या नवसाबिगर सातवी पास केली.’ इतकं ताठ चालणारं माणूस मी पुढं पाहिलं नाही. मी तुझी पोर, याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझ्या एका कादंबरीतली मुलगी असाच टाक नाल्यात फेकते. मुलं तिच्या धिटाईचं कौतुक करणारी पत्रं पाठवतात. तुला लिहिलेलं हे पत्र पुसदच्या त्या पोरीला दाखवावं असं मनात आलं होतं, पण दाखवणार नाही.

नाल्यापर्यंत मी गेले होते, माय. टाकला नाही. परीक्षेभर तो माझ्या परकराच्या नाडीला बांधलेला होता. तू घरोघर सांगत होतीस तेव्हा मी तुझ्या मागेच होते आणि तो कमरेला टोचत होता. पेपर मात्र मीच लिहिले होते.