दुसरी खाच

३ सप्टें., बुध.
आजही आलेख पाहिले. लाल ताऱ्याचा उजेड, थरथरती रेघ. खाच नाही. यांना मार्चमध्ये एक सापडली होती. चहा तसाच टाकून हाक मारली, "अगं, बघ, दिव्यासमोरून कुणीतरी गेलं!" ग्रह आडवा गेला की तारा कणभर मंदावतो. पण एकदाच मंदावला तर कुणी मानत नाही.
पुढच्याच आठवड्यात झटका. उजवी बाजू गेली, वाचाही. तेव्हापासून रोज सकाळी डाव्या हाताचं एक बोट वर. दुसरी दिसली का? मी नकारार्थी मान हलवते.

७ सप्टें., रवि.
हौशी गटातल्या मुलीचा निरोप : "काकू, हा तारा फार भडकतो. ती खाच म्हणजे ताऱ्यावरचा डागही असेल."
हे म्हणायचे, असले तारे म्हणजे तेरखेड्याचे फटाके. थंड म्हणवतात नि मध्येच फुटतात. जवळच्या ग्रहावर हवा तरी उरत असेल का? त्यातून एक बाजू कायम उजेडात, दुसरी कायम अंधारात. लॅपटॉप मिटला. यांचा उजवा हात चादरीवर, मी ठेवला होता तिथंच.

१४ सप्टें., रवि.
आज देवळात देवीची नवरात्राआधीची निद्रा; पलंगावर निजणार, थेट घटस्थापनेपर्यंत. देवीच्या गादीचा कापूस पिंजून रुक्मिणबाई यांना आंघोळ घालायला आली. केसांत अजून कापूस.
"मास्तर, आता देवीबी झोपायली. तुमची पाळी सरली, उठा की!"
हे हसले. अर्ध्याच ओठांनी, पण हसले. किती महिन्यांनी. आणि मग ते बोट.
मी दोन बोटं दाखवली. "दिसली," मी म्हणाले.

१५ सप्टें.
काल यांचे डोळे वाहिले. मी ताट तसंच झाकून ठेवलं. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, खोटं बोललात तर निजण्याआधी सांगून टाका. आम्ही हिंदू मुलीही गुडघे टेकून पुटपुटायचो, नि लगेच गाढ झोपायचो. आता कुणाला सांगू? देवीही निजलेली.

१६ सप्टें.
सकाळी तीन बोटं.
यांनीच शिकवलेलं : दोन खाचांमधलं अंतर म्हणजे तिथलं वर्ष. तिसरी नेमक्या दिवशी आली, की ग्रह खरा.
मग हवेत बोटानं चौकोन, पुन्हा पुन्हा.
"बाई, काय मागायलेत मास्तर?"
"तारीख."
भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून यांच्यापुढं धरलं. हे माझ्याकडं बघतायत, मी कुठल्या चौकटीवर बोट ठेवू?