काळी पाच

४ फेब्रुवारी

गाठ नाही! डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "घसा ठणठणीत आहे. वय होतंय, एवढंच." जीव भांड्यात पडला. पण बेचाळीस म्हणजे काय वय झालं?

५ फेब्रुवारी

'जिना' आजही जमला नाही. आमच्या बँडचं हे एकच गाणं लोकांना तोंडपाठ, आणि त्यातल्या "ये ना वर"मधला 'वर' माझ्या घशात अडकतो. वीस वर्षांपूर्वी नणंदेच्या दीड खोलीत — म्हणून बँडचं नाव 'दीड खोली' — हाच 'वर' मी भिंतीला टेकून, शेंगा सोलत लावायचे. तेव्हा ती नणंद नव्हती, नुसती गिटारवाली मैत्रीण. तिच्या भावाशी लग्न नंतर. शेजारी वैतागून भिंत बडवायचे, तर आमचा ठोक्या त्याच तालावर ड्रम वाजवायचा!

मास्तर — कीबोर्ड, दिवसा शाळेत गणित — म्हणाले, "काळी पाचची पट्टी सोडू, पांढरी सहा घेऊ. अर्धाच सूर खाली. कुणाला कळतंय?"

मला कळेल ना! पट्टी उतरवून गायचं तर घरीच बसावं. फार बोलले त्यांना.

ठरवलंय. अठराला विसाव्या वर्षाचा कार्यक्रम. तिथे 'वर' फाटला, तर त्याच दिवशी बँड सोडायचा. कुणाला सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी

गुळण्या, वाफ, मौन. नवरा म्हणतो, "असे कार्यक्रम दर आठवड्याला ठेवा!"

१८ फेब्रुवारी

लागला! लागला! लागला!

सुरुवातीलाच ठोक्याची काठी मोडली. 'जिना'च्या आधी नणंद गिटार लावत बसली ती बसलीच — मागून एक जण ओरडला, "ताई, गिटार लावताय की लग्न?" हॉल हसला. मग 'वर' आला. मी डोळेच मिटले. आणि इतका अलगद लागला की मलाच खरं वाटेना. पुढची ओळ लोकांनी मला गाऊ दिली नाही, स्वतःच गायली. पडद्यामागे ठोक्या ढसाढसा रडला. सोडणंबिडणं रद्द! किती हलकं वाटतंय.

२० फेब्रुवारी

कुणीतरी मोबाइलवर घेतलेला परवाचा 'जिना' ऐकला. हौसेने जुनं रेकॉर्डिंगही लावलं. काहीतरी खटकलं, म्हणून पेटी काढून पट्टी शोधली. जुनी काळी पाच. परवाची पांढरी सहा!

म्हणजे मास्तरांनी कीबोर्डचं एक बटण दाबलं, नणंदेने सगळ्या तारा उतरवल्या, आणि हजार माणसांत एकालाही पत्ता लागला नाही. मलाही नाही!

तणतणत नणंदेकडे गेले, भांडायलाच. तिने दार उघडलं आणि माझ्याआधी तीच म्हणाली, "वहिनी, तू सोडून जाणार होतीस. तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. तो सूर गेला तर जाऊ दे गं. तू नाही जायचंस."

दोघी दारातच रडलो.

२२ फेब्रुवारी

मास्तरांना फोन केला. म्हटलं, पुढच्या वेळी चोरून नको. आणि पांढरी सहाही नको — अजून खाली घ्या. काळी चार.