बत्तीस डिस्क आणि सोमाजीभाऊंचे तीन दिवस

४ मे
सकाळी मशीनच्या खोलीत शिरलो तर अकरा नंबरवर लाल दिवा. डिस्क मेली. तीन वर्षांतली पहिलीच. चहा तसाच राहिला.

मशीन म्हणायचं, पण आहे काय? रफिकभाईंनी वेल्डिंग करून दिलेलं लोखंडी कपाट आणि त्यात बत्तीस डिस्क. तयार सर्व्हर घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती. म्हणून ऑफरमधल्या साध्या, बाहेरून जोडायच्या डिस्क उचलल्या, प्लास्टिकचे डबे फोडले, आतला माल कपाटात बसवला. तेव्हा केवढी शेखी मिरवली होती मी! चाळीस गावांच्या रानातल्या कॅमेऱ्यांचे फोटो, म्हाताऱ्यांच्या मुलाखती, हद्दीचं चित्रीकरण, सगळं यात. दुसरी प्रत नाही. ‘पुढच्या वर्षी करू’ असं मंगलाताई आणि मी दर वर्षी म्हणतो. संस्था त्या चालवतात, त्यामुळे थोडा दोष त्यांचा. बाकी माझा.

५ मे
नवी डिस्क लावली. रीबिल्ड सुरू, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचा माल बाकीच्यांवरून पुन्हा जुळवणं. पाच दिवस दाखवतंय.
हिशोब असा, सोळा-सोळाचे दोन गट. एका गटात दोन डिस्क गेल्या तरी माल शाबूत. तिसरी गेली की त्या गटातलं काय परत मिळेल ते नशीब. अजून एकच गेलीय. उगाच घाबरतोय.

७ मे
उगाच नव्हतं. त्याच गटातली सहा नंबर गेली.
कपाटातून काढली. जोडणीच्या पिनांवर पांढरे खवले, त्यावर इथल्या हवेतल्या कोळशाची काळी भुकटी. हात पुसत उभा राहिलो आणि समोरचा कूलर दिसला.

एसी परवडत नाही म्हणून दोन उन्हाळे कूलरचं तोंड कपाटाकडे करून ठेवलंय. बोअरचं क्षारांनी जड पाणी, वाळ्याच्या ताट्या, गारेगार ओला वारा. चंद्रपुरात घरोघरी हेच करतात. मला बरं वाटतं म्हणजे मशीनलाही वाटेल, एवढीच अक्कल चालवली.
रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी कपाटाच्या आतून बोट फिरवून दाखवलं. म्हणाले, “मी लोखंड बनवून देल्लं भाऊ. तुमी त्याले रोज पाणी पाजून राह्यले.”
कूलर बंद. आता खोलीत भट्टी.

८ मे
या गटात कोणकोणती गावं आहेत ती यादी उघडली. खरं तर कालच उघडायला हवी होती. हिंमत झाली नाही.
नऊ गावं. आठांच्या मुलाखती पुन्हा घेता येतील, माणसं आहेत. नववं मोहटोला.
सोमाजीभाऊ तिथले गायता, गावाच्या देवाचं सगळं करणारे. अख्खी हद्द त्यांच्या डोक्यात होती. तीन दिवस आम्हाला रानात फिरवलं. प्रत्येक नाला, दगड, झाड नावानिशी दाखवलं, गोंडीत. मागच्या थंडीत ते गेले. गावाच्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी जूनमध्ये आहे आणि त्यांचं बोलणं हाच मोठा पुरावा.

आणखी एक गोष्ट आहे. ती इथे तरी लिहावी.
चित्रीकरण झाल्यावर त्यांची मुलगी सगुणाबाई कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाबद्दल म्हणाली होती, “ते कार्ड आमच्यापाशी राहू द्या ना भाऊ.” मी नाही म्हटलं. आमच्याकडे कार्डं मोजकीच, पुढच्या गावाला लागणार होती. भर ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की आमच्याकडे हे सगळ्यात सुरक्षित राहील. गावाने सभेच्या वहीत तसं लिहिलं, खाली माझी सही घेतली. मग कार्ड पुसलं.
गावांना न विचारता काही खोडायचं नाही हा आमचाच नियम. त्यापायी वाऱ्याने हललेल्या गवताचे लाखो फोटो जपून ठेवलेत. आणि कार्ड मात्र पुसलं.

९ मे
रीबिल्ड ६० टक्क्यांवर. चार नंबर वाचताना अडखळतेय. टक्, टक्, मग गप्प. रीबिल्ड थांबवलं, आधी मोहटोला बाहेर काढायला घेतलं.
पहिला दिवस निघाला. पूर्ण.
दुसरा दिवस निघाला. जेवलो नाही, तसाच बसलो.
तिसरा दिवस... पहिल्याच फाइलवर अडकलं. तिसऱ्या दिवशी नाल्यापलीकडची बाजू होती. वाद आहे तो नेमका तिथलाच.
तीनदा प्रयत्न केला. टकटक वाढली. मशीन बंद केलं.

११ मे
नागपूरला असा माल काढून देणारा एक जण आहे. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून मंगलाताई आधी हसल्या, मग म्हणाल्या, एवढे आपल्याकडे नाहीत. फोनवर तेवढं फुकट सांगितलं त्याने. चार नंबर एकदाच चालू करा, एकाच दमात दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मध्ये बसली तर पुन्हा उठायची नाही. मध्येच बंद केली तरी तेच समजा.
ताई म्हणतात, करून टाक, झालं की गावाला सांगू. मी म्हटलं, आधी सांगायचं. आमचं वाजलं. वहीत सही त्यांची नाही, माझी आहे.

१४ मे
मोहटोला. सकाळी ग्रामसभा. सगळं सांगितलं, कूलरसकट. कार्ड पुसल्याचंही.
एका म्हाताऱ्याने नुसतं विचारलं, “एकच ठेवलं होतं काऊन? आमी बियाणं दोन घरी ठेवतो.”
मग चर्चा. हद्द आपल्यालाही ठाऊक आहे, पुन्हा रान फिरू, पुन्हा बोलू, असं बरेच जण म्हणाले. इथे एकाचंही मन नसेल तर ठराव होत नाही. सगळे सगुणाबाईकडे बघत होते.
ती म्हणाली, “हद्द रानात आहे, थे कुठी जात नाई. बाबाचा आवाज रानात नाई.”
ठराव झाला. एकदा लावून पाहायचं. तिची अट एकच, ती समोर हजर पाहिजे.
पहिल्या दोन दिवसांची प्रत पेनड्राइव्हवर नेली होती. दोन पेनड्राइव्ह, दोन घरी दिले. लाज वाटली.

१९ मे
सगुणाबाई काल दुपारीच आली, ताईंकडे राहिली. सकाळी सात वाजता तिच्यासमोर चार नंबर चालू केली. कपाटातून काढून टेबलावर, बाजूला साधा पंखा. फिरायला लागली! दहा वाजता १२ टक्के.
तिने विचारलं, यात बाबा कुठी आहे. खरं सांगितलं की मला माहीत नाही, तुकडे तुकडे सगळीकडे पसरलेले असतात. तिने डिस्कवर हलकेच हात ठेवला. म्हणाली, गरम आहे.
दुपारी एकला २६. काही वाईट नाही. मी डबा उघडला, तिने भाकर खाल्ली, हात पुसून पुन्हा ठेवला.
चारला ३९. साडेचारला टक्. मग परत. आकडा जागेवरच.
आता बंद केलं तर निदान आपल्या हाताने बंद केलं असं तरी होईल, असलं काहीतरी मूर्खासारखं डोक्यात आलं. तिला विचारलं, बंद करू का?
टकटक तिच्या तळहाताला लागत असणार. हात काढला नाही तिने.
“बोलू द्या त्याले,” म्हणाली.