मोगरीच्या गुडघ्याचा स्लॅब

पिंपळगाव रेणुकाई,
मंगळवार

तीर्थरूप सोमेश्वरदाजींना भागवतचा दंडवत.

तुमची तब्येत बरी असेलच. सुरेखाताईच्या कंबरेचं काय झालं तेही कळवा. इकडे घरात मी, नंदा आणि घोडी मोगरी. तिघांपैकी एकही धड नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "पाय टेकती का?" एवढंच विचारता आणि उत्तराची वाट बघत बसता. पत्रात तशी अडचण नाही.

मोगरीच्या गुडघ्यातली गादी (तुम्ही तिला कूर्चा म्हणता) झिजली म्हणून तुम्ही तिथं स्पंजासारखी जाळी बसवलीत, तेव्हा मला नीट समजावलं होतं. जाळीत नवी कूर्चा भरत जाईल, जाळी हळूहळू विरघळेल, सहा महिने नाचणं बंद. वरातीच्या घोडीनं नाचायचं नाही म्हणजे अवघडच, तरी मला सगळं पटलं होतं. चूक एवढीच, की ते मी गावाला सांगायला गेलो. "जाळी इरघळणार, मंग आत राहणार काय?" असं रामराव चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले (हे गृहस्थ पायाला काटा लागला तरी चार जणांचा सल्ला घेतात).

उत्तर दिलं सिराजोद्दीन मिस्त्रींनी. गावातले निम्मे स्लॅब त्यांनी टाकलेत, आणि त्यांच्या स्वतःच्या घराचा सोडला तर एकही गळत नाही. ते म्हणाले, "अरे, ते सेंट्रिंग हाय. स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंगचं काम खतम." इतकं सोपं करून तुम्हीही सांगितलं नव्हतं, दाजी. पण मिस्त्री तिथं थांबले नाहीत. "एकवीस दिवस पाणी मार, बराबर. बाविसाव्या दिवशी वर ट्रॅक्टर चढव, काय होत न्हाई." झालं. नंदा सकाळ-संध्याकाळ गुडघ्याला ओलं बारदान गुंडाळू लागली. टाके भिजले, चिघळले. मी अडवायला गेलो तर म्हणाली, "डॉक्टर आसतील तुमचे दाजी, पण त्यांनी कधी स्लॅब टाकलाय का?"

आणि काल, बरोबर बाविसाव्या दिवशी, आपल्या गल्लीतून वरात गेली. हलगी वाजली. अकरा वर्षं हलगीवर पाय उचलणाऱ्या जनावराला सहा महिने म्हणजे काय ते कसं कळावं? मोगरी बांधल्या जागी नाचली. दोष नवरदेवाला देऊन झाला, हलगीवाल्याला देऊन झाला, मिस्त्रींना तर दोनदा देऊन झाला. कशानंच बरं वाटेना.

कमीजास्त लिहिलं असेल तर धाकटा मेव्हणा म्हणून पोटात घाला.

तुमचा,
भागवत

ता. क. पत्र मिळताच निघता येईल का? भोकरदनपर्यंत या, तिथून मी मोटरसायकलवर आणतो. ताईला कारण सांगू नका.

दुसरा ता. क. काल वरात गेली न्हाई. सध्या लग्नाच्या तिथीच न्हाईत, हे ताईच्या लगेच ध्यानात येईल. मोगरीच्या भरड्याचा रिकामा डबा मीच हलगीसारखा वाजवला. बावीस दिवस ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. वाटलं, ऐकून निदान कान तरी हलवील. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि तोच पाय उचलला. अगदी पहिल्यासारखा उचलला, दाजी.

तुम्ही विचारणारच, म्हणून लिहितो. तो अजून टेकलेला न्हाई.