खिळे ठोकायची भिंत

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कलादालनाचं काम मला मिळालं. जुन्या साबणाच्या कारखान्यात जी कलंदर पोरं राहून चित्रं काढतात, गाणी रचतात, त्यांच्यासाठी त्याच जागी नवी इमारत बांधायची आहे. गेला आठवडा रोज त्यांच्यात जाऊन बसतेय. काय मुलं आहेत, दादा. बारा जणांत तीन खुर्च्या, पण ताटकळत कुणी उभं नसतं. ओल्या चित्रांशेजारी मोजे वाळतात. काल एकीनं महिनाभर रंगवलेलं चित्र पुसून नव्यानं सुरू केलं. मी हळहळले, तर तीच माझी समजूत घालू लागली.

हे इमारतीत कसं आणू? सात आराखडे केले, सातही फाडले. वाकड्या खिडक्या, रंगीबेरंगी खांब. माझं मलाच हसू आलं. कलादालन बांधून घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना दवाखान्यासारखं गुळगुळीत काहीतरी हवंय. चष्म्याच्या दुकानात बसण्याआधी तू दोन वर्षं अशाच टोळक्यात राहिलास. घरात त्यावर कुणी बोलत नाही, तरी विचारते. तिथे काय होतं?

वहिनीला नमस्कार. उत्तरात टाळाटाळ करू नकोस, एवढाच लोभ असू दे.

तुझी,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीनं माझ्याआधी वाचलं आणि दोन दिवस मला चित्रकार म्हणून हाका मारल्या.

आम्ही सहा जण छापखान्याच्या वर राहायचो. खोली फारशी आठवत नाही, जिना आठवतो. भांडणं, जेवणं, प्रेमपत्रं, सगळं जिन्यावर. वर जाणारा चार जणांना ओलांडून जायचा आणि जाता जाता त्यांच्या कामावर मत देऊन जायचा. वाकड्या खिडक्या नकोत. कंगव्यानं विस्कटलेले केस लगेच ओळखू येतात.

आणखी एक, कुणाला न सांगितलेलं. मालक भिंतीला खिळा ठोकू द्यायचा नाही. बाकीचे चित्रं रस्त्यावर नेऊन दाखवायचे, मला तो धीर झाला नाही. बाबांमुळे मी चित्रं सोडली असं सगळे समजतात. बाबांनी अडवलं नव्हतं. मीच भ्यालो. न विचारता खिळा ठोकता येईल अशी भिंत असती, तर कुणी नसताना एखाद्या दुपारी ठोकलाही असता.

समितीपुढे नमतं घेऊ नकोस. आमची माया तुझ्या पाठीशी आहेच.

तुझा,
दादा

२९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आठवा आराखडा एका बैठकीत झाला. मधोमध पंधरा फूट रुंद जिना, वरून उजेड, आणि बाजूला छतापर्यंत लाकडी फळ्यांची भिंत. कुणीही यावं, खिळा ठोकावा, चित्र लावावं. अध्यक्ष म्हणाले की मग वाटेल ते येईल. मी म्हटलं की यावं म्हणूनच ती भिंत आहे. भिंत काढा, नाहीतर आम्ही दुसरं कुणी पाहू, असं त्यांनी बजावलं. मी कागद गुंडाळून निघाले.

बाहेर मुलं थांबली होती. ऐकलं आणि सरळ आत गेली. ना घोषणा, ना तक्रार. जमिनीवर बसून एकेका सभासदाचं चित्र काढू लागली. संध्याकाळी अध्यक्षांनी स्वतःचं चित्र दोनदा निरखलं आणि हे लावणार कुठे, असं विचारलं. मुलांनी माझ्या हातातला आराखडा उलगडून त्यातल्या फळ्यांवर बोट ठेवलं. काम सुरू होतंय.

आशीर्वाद असेच पाठवत राहा.

तुझी,
ठकू

१४ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

इमारत उभी राहायला दीड वर्ष लागलं आणि यायला मी आणखी महिना लावला. तू परगावी आहेस हे बघूनच वहिनीला घेऊन आलो; राग मानू नकोस.

ठकू, कठडे हाताला उबदार लागतात. उजेड पायरी पायरी उतरतो. भिंतीवर इतकी चित्रं आहेत की अध्यक्षांचं शोधावं लागलं. जिन्यावर एका मुलीनं रंगाचे डबे सरकवून आम्हाला जागा दिली आणि मी काय काढतो ते विचारलं. पूर्वी काढायचो, असं म्हणालो. तिनं अर्धा कागद फाडून कोळशासकट हातात दिला. मी वहिनीचे पाय काढले. ओलांडून जाणारा एक जण म्हणाला की टाच चुकली आहे. दुसराही तेच म्हणाला. वहिनीला ते फार पटलं.

खरंच चुकली आहे. दुकान उद्याही बंद ठेवतोय. लोभ वाढू दे. पत्र इथेच पुरे करतो, उजेड जायच्या आत टाच नीट करायची आहे.

तुझा,
दादा