बंदूक आली

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीपाशी लावलेला निंब आता चांगली सावली देतो, आणि मी आज लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे एक बरं आहे. मलाही तेव्हा कुठं येत होतं? परवान्यावर काय लिहिलंय ते दर वेळी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा वीट आला, म्हणून मागाहून शिकलो. आता हात दुखतात. कानस धरली की बोटं तिथंच आखडतात, मग दुसऱ्या हातानं एकेक सोडवावं लागतं. दुकान अजून त्याच जागी आहे, अमरावतीच्या परकोटाच्या दरवाजाशी, पण बंदुका कोण आणतो आता? कुलपं येतात, सरकी काढायच्या यंत्राचे दांडे येतात. परवा ती माळीण वारली. तिच्याबद्दलच लिहायचं आहे. ती जिवंत होती तोवर माझी छाती झाली नाही, आणि आता झाली तर तिचा उपयोग काय, हेही मला कळत नाही.

ते कापसाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि इकडं आमच्या वऱ्हाडात लोकांनी सासुरवाडीच्या गाद्यासुद्धा उसवून विकल्या. आगगाडी तेव्हा यायची होती. बडनेऱ्याच्या रस्त्यानं दिवसभर बैलगाड्याच बैलगाड्या, आणि प्रत्येक व्यापाऱ्याला गाड्यांबरोबर बंदूकवाला राखणदार पाहिजे. नव्या बंदुका कुठून आणणार? गदरानंतर सरकारनं होत्या त्याही गोळा केल्या होत्या. मग लपवलेल्या बाहेर निघाल्या. कोणाच्या छपरातून, कोणाच्या कडब्याच्या गंजीतून, एक तर विहिरीतून निघालेली तुम्हीच साफ केली होती. माणसं त्या आणत आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता एकच विचारत, "कोनाची?" कितीची नाही, कोणाची. उत्तर नीट आलं नाही की बंदूक परत. मला तेव्हा या गोष्टीची फार चीड यायची. मी तिशीला टेकलेला, दोन पोरींचा बाप, आणि आमच्या दारातून गिऱ्हाईक उठून पलीकडच्या गल्लीत जातंय! म्हातारा वेडा झाला, असं मी घरी बोलून दाखवत असे. आज कबूल करायचंच आहे तर हेही करतो.

म्हणून मी तुम्हाला न सांगता अकोल्याला गेलो आणि तीन जुन्या बंदुका घेऊन आलो. कापडातून सोडून तुमच्यापुढं ठेवल्या तेव्हा शाबासकीच मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही हातही लावला नाही.

"कोनाच्या?"

"बाजारातल्या. नळी पाहिली, घोडा पाहिला, चाप पाहिला. माल चोख हाय, उस्ताद."

"माल तं हाय. पन कोनाचा हाय?"

"सांगतलं ना, बाजारातून घेतल्या."

"बाजाराले हात असते काय बे, बंदूक धराले?"

मला हसू आलं होतं. तुम्ही हसला नाहीत. तिसरी बंदूक तुम्ही उचलली, तिचा लाकडी दस्ता उजेडाकडं फिरवला, आणि मला आजही दिसतंय, तुमचा अंगठा एका जागी थांबला. शिसवीच्या दस्त्यात बाभळीचा एक तुकडा, पिंपळपानासारखा कापून बसवलेला. "हे पान मी बसवलं," तुम्ही म्हणालात. मग नळीवरची पितळेची कडी ठोकून सरकवली. तिच्याखाली सुताचा धागा होता, हळदीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, हत्याराची पूजा करताना घरची बाई बांधते तो. अर्धा पिवळा होता आणि अर्धा काळा, कडक. तुम्ही अंगठा ओला करून त्यावर घासला, वास घेतला.

"तेल नाई हे," म्हणालात, आणि खाली बसलात.

मग तुम्ही सांगितलं. चांदूर बाजारच्या वाटेवर मळा आहे, त्या माळ्याची ही बंदूक. त्याच्या बापानं मळ्यात शिरणारी डुकरं हाकलायला ठेवलेली. कापसाची चलती आली तसा तो गाड्यांबरोबर राखणीला जाऊ लागला. दोन वर्षांमागं अकोल्याच्या पुढं गाड्यांच्या मागं राहिला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिता म्हणावं तर पत्ता नाही. त्याची बायको जवान, पोरबाळ नाही, कपाळावर कुंकू लावून वाट पाहत बसलेली.

"उद्याच जाय," तुम्ही म्हणालात. "तिले सांग का तुहा मालक गेला. तिच्या जातीत पाट लागते. दुसरं घर करीन, लेकरंबाळं होतीन. खबर नाई म्हनून पोट्टी अडकून राहिली. अन तसाच ठान्यात जाजो, कोनाकडून घेतली ते सांगजो."

"तुमी चला ना संगं."

"माह्ये गुडघे चालत असते तं गेलोच असतो. बंदूक तू आनली. खबरबी तूच देजो."

ठाण्याचं नाव ऐकून माझ्या काळजाचं पाणी झालं. तीन बंदुका, एकीचाही परवाना नाही. दुकानाला टाळा लागेल, मला बेड्या पडतील, माझ्या पोरी कोणाच्या दारात बसतील, असं सगळं रस्ताभर डोक्यात. ऊन मी म्हणत होतं. पोटात सकाळपासून काही नव्हतं. मळ्यात पोचलो तेव्हा ती वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होती. पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मी कोण, कोणाच्या दुकानातून आलो, ते सांगितलं. तिनं हात धुतले, गूळपाणी आणते म्हणाली. मी म्हटलं, नको, आधी ऐका. तुमचा मालक गेला, एवढं म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बंदूक आली."

मला वाटलं, बंदूक आली म्हटल्यावर माणूस नाही आला हे तिचं तिलाच कळेल. माझ्यावर बोलायची पाळी येणार नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा असा फुलला की मी मान खाली घातली.

"दुरुस्तीले टाकली त्याईनं? काय बाप्पा! कुठून आली?"

"अकोल्याहून."

"मंग ते अकोल्यातच हायेत! अवो भाऊ, मी म्हनतच होती. बापाची बंदूक हाय, ते टाकून थोडेच जातीन? बंदूक न्याले येतीन म्हंजे येतीन."

धावत झोपडीत गेली आणि मूठभर साखर घेऊन आली. कुठून आणली असेल, कधीपासून जपून ठेवली असेल, देव जाणे. माझ्या तळहातावर ओतली, वर माझी बोटं मिटवली. मी उभा राहिलो. तसं नाही, हे दोनच शब्द होते. मी म्हणालो, "येतो मी," आणि निघालो. ठाण्याच्या वाटेला गेलोच नाही.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हने?"

"काई नाई म्हने."

"रडली?"

"हो."

तुम्ही उठून फळीवरची तुमची कानस काढली, तुमच्या उस्तादानं तुम्हाला दिलेली, मला कधी हात लावू दिला नाहीत ती. माझ्या हातात ठेवलीत. "हे आता तुही," म्हणालात. "अशी खबर देनं कोनाचंबी काम नाई. तू मानूस झाला." पंधरा दिवसांत तापानं तुम्ही गेलात. खरं सांगतो, तुमच्या मातीला खांदा देताना मला रडूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. लाज वाटते हे लिहिताना, पण वाटलं.

दोन बंदुका मी विकून टाकल्या, कोणाला ते आठवतही नाही. तिची विकवली नाही. त्या नवमीला ती दुकानात आली, हातात झेंडूची फुलं आणि हळदीचा धागा. "झाली काय दुरुस्ती, भाऊ?" मी म्हटलं, जरा राहिली आहे. तिनं बंदुकीला कुंकू लावलं, धागा बांधला, नमस्कार केला आणि गेली. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आगगाडी आली, गाड्या बंद पडल्या, कापसाचा भाव कोसळला, ती येतच राहिली. नवमी जवळ आली की मी चाप खोलून सुटे भाग ताटलीत मांडून ठेवायचो, म्हणजे तिला दिसावं की काम चालू आहे. असलं काम मी उभ्या जन्मात केलं नाही, उस्ताद. ती ताटली बघून म्हणायची, "लयच नाजूक काम दिसते, घाई करू नका," आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं.

एकदा मात्र तिचा शेजारी आला. बाजूच्या मळ्याचा माळी, बायको बाळंतपणात गेलेली, सरळ माणूस. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मले तिच्याशी पाट लावाचा हाय," म्हणाला. "ते म्हनते, मालक येनार हाय, बंदूक तुमच्यापाशी हाय. तुमी मले खरं काय ते सांगा. मी कोनाले बोलनार नाई." या वेळी माझ्यापुढं ना तिचा फुललेला चेहरा होता, ना ठाण्याचं भय, इतक्या वर्षांनी कोण विचारणार होतं? फक्त मी इतकी वर्षं खोटा होतो, एवढंच बाहेर पडलं असतं. मी म्हणालो, "बंदूक दुरुस्तीत हाय." त्यानं टोपी घातली आणि गेला. त्याच उन्हाळ्यात त्यानं चांदूर रेल्वेकडची बाई केली. त्यांना चार लेकरं झाली. ती लेकरं तिच्या वांग्यांतून खेळताना मी पाहिली आहेत.

परवा तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. गावच्या बाया पाया पडत होत्या. भाग्याची म्हणे, अहेव गेली, कुंकवानिशी. मी मागं उभा होतो. मला ओरडून सांगायचं होतं की हिचं कसलं भाग्य, हिचं भाग्य मी फळीवर टांगून ठेवलं होतं. नेहमीसारखाच गप्प राहिलो. घरी येऊन बंदूक खाली काढली. नळीवर धागाच धागा झालाय, खालचे पांढरे पडलेत, वरचा अजून पिवळा आहे. मी एकही सोडला नाही. हा कागद गुंडाळून त्याच नळीत सरकवून ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत तो कसाही जायचा नाही.

तुमची कानस मी त्या बंदुकीवर एकदाही फिरवली नाही. फिरवायचं कारणच नव्हतं. अकोल्याहून आणली तेव्हाच ती धड होती. आणि त्या दिवशीची साखर, उस्ताद. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मळ्याच्या बांधावर ती टाकून दिली. टाकली नाही. भूक लागली होती, मी ती चालता चालता खाल्ली, आणि तळहातही चाटला.